शिंपणी

आमच्या घरात एका गाण्याला शिंपणी म्हणतात. त्यात गाणारं कुणी नाही, शब्द नाहीत, तरी गाणंच म्हणतात. पेरणी, खुरपणी, कापणी, मळणी, तशी शिंपणी. यात कुणाला काही वावगं वाटत नाही आणि कॉलेजला जाईपर्यंत मलाही वाटलं नव्हतं.

त्याचं असं झालं. माझे आजोबा, गेणू अण्णा, निरवांगीत द्राक्षं लावणाऱ्या पहिल्या काही जणांतले. त्या वेळी ठिबक कसं करायचं ते दाखवायला बारामतीकडं एक डच साहेब आला होता. गावोगाव फिरत तो आमच्याकडंही आला, दिवसभर बागेत नळ्या अंथरत बसला, दुपारी आजीच्या हातचं पिठलं खाऊन घामाघूम झाला आणि जाताना खूश होऊन त्यानं बॅगेतली एक कॅसेट अण्णांच्या हातात ठेवली. छातीवर हात ठेवून म्हणाला, "सिंफनी." अण्णांनी ऐकलं, शिंपणी. आता पाण्याचा साहेब दुसरं काय देणार?

अण्णांकडं भजनासाठी घेतलेला टेप होता. तो त्यांनी बांधावर नेला आणि पाणी देताना दोन-चारदा पिकाला शिंपणी ऐकवून पाहिली. पीक होतं तेवढंच राहिलं. पण साहेबाची वस्तू वाया घालवायची नाही, म्हणून त्यांनी तिला दुसऱ्या कामाला जुंपलं. तेव्हा रात्री लाइट कधी येईल याचा नेम नसायचा. आली की पळत जाऊन विहिरीवरची मोटार चालू करायची आणि ती जायच्या आत भिजेल तेवढं भिजवून घ्यायचं. अण्णा कॅसेट पेन्सिलीनं गुंडाळून पहिल्यापासून लावायचे आणि टेपचं बटण दाबून ठेवायचे. लाइट आली की टेप आपोआप वाजायचा. सुरुवातीलाच पन्नास-साठ माणसं एकदम अंगावर आल्यासारखी वाजतात, कुंभकर्णसुद्धा उठून बसेल. मग ज्याची पाळी त्यानं पळायचं.

पाळी म्हणजे नावापुरती. अण्णांनी कामं आधीच वाटून दिली होती. थोरल्या कुंडलिकनं, म्हणजे माझ्या वडिलांनी, दिवसभर बैलांमागं राबायचं. धाकट्या संभाजीनं लाइटमागं पळायचं. वडिलांना आम्ही आबा म्हणतो, चुलत्यांना तात्या.

अण्णा गेल्यावर खरी वाटणी झाली, तेव्हा मी बालवाडीत होते. जमिनीला कुणी हूं की चूं केलं नाही. विहीर सामाईक ठेवायची ठरली. शेवटी उरला टेप. त्यावर तात्या भर पंचांसमोर म्हणाले, "सारी उमर दादा अंथरुणात पडून गाणं ऐकत ऱ्हायला आन् मी अंधारात पळत ऱ्हायलो. टेप माझा." आबा म्हणाले, "मग कॅसेट माझी." पंचांनी मान डोलावली आणि चहा मागवला. अशा रीतीनं एकाकडं टेप आणि दुसऱ्याकडं कॅसेट गेली, आणि शिंपणी कायमची बंद पडली.

पुढं तात्यांनी जमीन वाट्यानं दिली आणि बारामतीत ठिबकच्या पाइपांचं दुकान टाकलं. भांडण म्हणावं तर झालं नव्हतं, बोलणं म्हणावं तर उरलं नव्हतं. लग्नकार्यात समोरासमोर आले की दोघंही मांडवाचे खांब मोजत बसतात.

हे सगळं मला ऐकूनच माहीत. मी स्वतः शिंपणी कधी ऐकली नव्हती, ऐकली असली तरी आठवत नव्हती. यंदा ती ऐकायची वेळ आली, आणि ऐकून ऐकून माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

छाटणीच्या सुमारास आबा विसरायला लागले. एकदा खताचं पाणी सोडून व्हॉल्व्ह तसाच ठेवून आले आणि सगळं खत एकाच ओळीला गेलं. एकदा आईला विचारलं, "संजीवनी, मी जेवलो का?" आई थट्टेवारी नेत म्हणाली, "ताट घासून ठेवलंय, त्याला इचारा." पण नंतर ती मोरीत जाऊन डोळे पुसत होती. आबांना त्यांची आई आठवत होती. ठमाबाई आजीला शेवटी स्वतःची पोरं परकी वाटत. "पावण्यांला च्या द्या," म्हणायची. आबा त्या दिवसांबद्दल कधी बोलत नाहीत.

मी त्यांना बारामतीला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर भले वाटले. म्हणाले, घाबरू नका, पुढच्या महिन्यात तपासण्या करू, मग सांगू. परतताना जंक्शन गावाजवळ उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. गाडी थांबली आणि आबा एकदम म्हणाले, "सोनल, मला शिंपणी आठवती. समदी."

"म्हणून दाखवा की."

त्यांनी म्हटली. तोंडानं, बोटांनी, गाडीच्या डॅशबोर्डवर. मी फोन पुढं धरला आणि फोननं दुसऱ्याच क्षणी नाव सांगितलं. लांबलचक नाव, बनवणाऱ्याचंही आणि गाण्याचंही, दोन्ही मला धड उच्चारता येत नाहीत. मी लगेच ते लावलं. पन्नास-साठ माणसं अंगावर आली. आबांचा चेहरा असा उजळला की मला रडू फुटायला आलं. पुढचा ट्रॉलीवाला मागं वळून बघायला लागला.

थोड्या वेळानं आबांच्या कपाळाला आठी पडली. "हे ते न्हाय."

"तेच आहे आबा. नाव आलंय."

"सुरवात तीच हाय. पर ती जागा कुठं गेली?"

"कुठली जागा?"

"समदं गप हुतं, आन् सनईवाणी एक वाजती एकलीच. तिच्या मागनं आवाज बसतो. समद्यांचाच. गुडघ्यात वाकल्यावाणी. मंग हळूहळू उठतो. तितं आलं की माझा जीव भांड्यात पडतो."

"का?"

"म्हायती न्हाय. पडतो."

घरी गेल्यावर ट्रंकेतून कॅसेट काढली. तिला पांढरी बुरशी लागली होती आणि हात लावताच फीत तुटली. मग मी ठरवलं, जगात या गाण्याची जेवढी रेकॉर्डिंगं असतील तेवढी आबांना ऐकवायची. साहेबाची कॅसेट त्यांतलीच एक असणार.

मी लोणी देवकरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. बाटल्यांची झाकणं तपासते. एक पक्कं झाकण समोर ठेवायचं आणि बाकीची त्याच्याशी ताडून बघायची, जमलं तर पास, नाही तर बाद. या कामात मी चांगली आहे, थोडी खडूसही आहे असं लाइनवरचे म्हणतात. इथं अडचण एवढीच होती की पक्कं झाकण आबांच्या डोक्यात होतं, आणि डॉक्टरांना शंका त्या डोक्याचीच होती.

एका गाण्याची इतकी रेकॉर्डिंगं असतात हे मला ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी तेच वाजवायचं, तरी कुणाचं कुणाशी जुळत नाही. एक जण शेवटची एसटी पकडायची असल्यासारखा पळत होता. एक इतका सावकाश, की मधेच बंद पडला की काय म्हणून मी फोन हलवून पाहिला. एकात मागं माणसं खोकत होती. एक जपानी वाद्यवृंद चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखा लख्ख होता. आबा अंगणात बाजेवर बसून ऐकायचे आणि निकाल द्यायचे.

"ह्याला घाई हाय."

"हा?"

"ह्यो ग्वाड हाय. पर ह्याला भ्या न्हाय वाटत."

"गाण्यात कसलं भ्या, आबा?"

"असतं. सनई वाजती तवा भ्या असतं. मंग आवाज बसला की जातं."

मी लिंबू कापावं तसं प्रत्येक रेकॉर्डिंग त्या सनईच्या जागी कापून ऐकायला लागले. वाद्य सनई नव्हे, तिच्या घरातलं काहीतरी, पण आम्ही सनईच म्हणायचो. ती एकटी वाजायची, मग बाकीचे अलगद येऊन मिळायचे, आणि आवाज कुठंही बसायचा नाही. निदान मला तसं वाटायचं. दहा-बारा झाल्यावर काय वाटतंय तेही कळेना. कंपनीची बस गतिरोधकावर हळू झाली की मला वाटायचं, बसला. आईनं मिक्सर बंद केला की वाटायचं, बसला. एका संध्याकाळी मी आनंदानं ओरडले, "आबा, सापडली!" तर माझ्याच फोनचं नेटवर्क गेलं होतं. आई म्हणाली, "तपासणी बापाची हाय का लेकीची, डॉक्टरला एकदा इचारून घ्या."

आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघून अगदी शांतपणे सांगितलं, "सोनल, मला काल काय खाल्लं ते आठवत न्हाय. पर ही जागा मला माझ्या तळहातासारखी दिसती. ही खरी निघाली तर माझ्या डोक्यावर माझा इस्वास ऱ्हाईल, डॉक्टर काय बी म्हणू दे. खोटी निघाली, तर माझं काहीच खरं न्हाय. मंग किल्ल्या तुझ्या."

ट्रॅक्टरची, मोटारच्या पेटीची, औषधांच्या खोलीची, अशा सगळ्या किल्ल्या आबा करदोट्याला अडकवतात. त्या कमरेवरून सोडलेल्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. मला त्या नको होत्या. मला आबा हवे होते, किल्ल्यांसकट.

शेवटी एका रेकॉर्डिंगखाली जिथं लोक आपलं मत लिहितात तिथं मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं की अशी अशी जागा कुणी ऐकली आहे का. दूरदेशीच्या कुणा जाणकारानं फार सभ्यपणे उत्तर दिलं. मूळ स्वरलिपीत तिथं थांबणं नाही, वाकणं नाही, हळू होणं नाही. कुठलाही वाद्यवृंद तसं वाजवणार नाही. तुमच्या वडिलांना बहुधा दुसरं काहीतरी आठवत असावं, असंही लिहिलं. मला त्या सभ्य माणसाचा इतका राग आला की फोन आपटावासा वाटला. आबांनी विचारलं तेव्हा मला खोटं बोलता आलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, उठले, खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा किल्ल्या हातात होत्या. त्या माझ्या ओंजळीत ठेवून ते म्हणाले, "गरम हायत अजून. दमानं धर."

आता एकच साक्षीदार उरला होता. आबा म्हणाले, त्याला इचारू नको. आई आत हळूच म्हणाली, त्यालाच इचार.

रविवारी मी बारामतीला तात्यांच्या दुकानात गेले. काळ्या पाइपांच्या वेटोळ्यांमधे ते चष्मा लावून बसले होते. मला बघून गडबडले. "ये ये. निरवांगीत समदं ठीक?" म्हणाले. दादाचं नाव घेतलं नाही. मी सगळं सांगितलं. विसरणं, डॉक्टर, रेकॉर्डिंगं, ती जागा, किल्ल्या. किल्ल्यांचं ऐकून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"आवाज बसतो?" ते म्हणाले. "न्हाय बा. मी बी तीच कॅसेट ऐकली की. तसं कायबी न्हाय त्यात."

"नक्की?"

"नक्की. त्याला सपान पडलं असंल. अंथरुणात पडून ऐकायचा ना."

झालं. दोघा भावांतला एक जण चुकत होता, आणि तपासण्या एकाच्याच लिहून दिल्या होत्या. मला तिथंच पाइपांवर बसून घ्यावंसं वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "तात्या, ऐकायचीय का तुम्हाला? फोनवर आहे."

ते नको म्हणणार असं वाटलं, पण त्यांनी मान हलवली. मी लावली. पन्नास-साठ माणसं अंगावर आली आणि तात्या उभे राहिले. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. बोलता बोलता माणूस डास मारतो तसे ते काउंटरमागून बाहेर आले, पाय चपलेत सरकवले आणि दुकानाच्या पायरीपर्यंत गेले. तिथं भानावर आले. "च्यायला," म्हणाले आणि लाजून हसले. मीही हसले. गाणं चालू राहिलं. सगळं गप झालं, सनई एकटी वाजायला लागली.

तात्यांनी मान तिरकी केली. "हे कोण?"

"कोण म्हणजे?"

"ही सनई. ही नव्हती त्यात."

"होती तात्या. सगळ्यांत आहे."

"म्या कधी ऐकली न्हाय." ते बराच वेळ ऐकत राहिले, एखाद्या परक्या माणसाला न्याहाळावं तसे. मग पुन्हा सगळी वाद्यं भरून आली आणि त्यांचा चेहरा ओळखीचा झाला. "हां. हे येतंय मला. हितनं म्होरं समदं येतंय."

मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. सुरुवात पाठ, शेवट पाठ, मधला तुकडा साफ कोरा. आबांना तिथं नसलेलं आठवत होतं आणि तात्यांना असलेलं आठवत नव्हतं. काही वेळ मला वाटलं की हे घराण्यातच आहे, आता माझीही पाळी येणार. मग खडूस क्वालिटीवालीनं डोकं वर काढलं. झाकणात एकाच जागी पुन्हा पुन्हा खोट निघते तेव्हा झाकणाकडं बघायचं नसतं, ते निघालं तो साचा बघायचा असतो.

"तात्या, हे वाजायचं तेव्हा तुम्ही कुठं असायचात?"

"कुठं म्हंजे? हिरीवर. लाइट आली की पळायचं, पेटी उघडायची, हिरवं बटन दाबायचं. पाणी पाटाला लागलं की घराकडं यायचं, चहा घ्यायचा, मंग वाफ्यांची दारं धरायला."

"म्हणजे सनई वाजायची तेव्हा तुम्ही वाटेत."

"असंल."

"आणि बटण दाबलं की काय व्हायचं?"

"काय व्हायचं? मोटार उचलायची. जुनी मोटार, लई वढायची. वस्तीवरचं समदं बलब पिवळं पडायचं. म्हातारी घरातनं वरडायची, आरं दिवा इझला..." तात्या थांबले.

"दिवा पिवळा पडायचा," मी म्हणाले. "मग टेप?"

दुकानाच्या दारावरून एक ट्रक गेला. तात्या काउंटरला टेकले. टेप त्याच तारेवर होता. मोटारनं करंट ओढला की टेप मंदावायचा, सगळा वाद्यवृंद गुडघ्यात वाकायचा, आणि मोटार फिरायला लागली की हळूहळू उठायचा. घर तेच, विहीर तीच, पळणारा तोच. म्हणून जागाही तीच.

"म्हंजे ते साहेबाचं न्हवं," तात्या अगदी हळू म्हणाले. "ते माझं हाय?"

ते मागच्या खोलीत गेले आणि फडक्यात गुंडाळलेला टेप घेऊन आले. त्याच्या आतला रबरी पट्टा विरघळून डांबर झाला होता. इकडं टेप बंद, तिकडं कॅसेट तुटलेली. वाटणीत दोघांनाही काहीच मिळालं नव्हतं. तरी टेप त्यांनी काखेत धरला आणि दुकानाचं शटर ओढलं.

आम्ही निरवांगीला पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आबा अंगणात बाजेवर होते. तात्या फाटकात उभे राहिले. आबांनी त्यांच्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं. मला वाटलं, आता पावणे म्हणतात की काय. मग ते म्हणाले, "संभा, ये. चप्पल हितं काढ, कुत्रं नेतं." आई आतून चहाचं आधण ठेवतानाच हसली.

मी मोटार आणि टेपचं सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं आबा उड्या मारतील. त्यांनी सगळं नीट ऐकलं आणि मान हलवली. "आसंल. मोटारनं आवाज बसला आसंल. पर त्याच्यानं माझा जीव का भांड्यात पडंल?"

सगळं सुटलं असं वाटत होतं आणि नेमकी गाठ तशीच राहिली होती.

"करूनच बघू," तात्या म्हणाले. या आठवड्यात दिवसाची लाइट होती. ते चालत जाऊन सामाईक विहिरीवरची मोटार चालू करणार, आणि मोटारीचा आवाज आला की मी फोनवर गाण्याचा वेग कमी करणार. त्यासाठी मी एक ॲप उतरवून घेतलं होतं, त्यात वेग उतरला की सूरही उतरतो. पेटीची किल्ली मी तात्यांना दिली. बाकीच्या किल्ल्या आबांच्या बाजेवर ठेवून दिल्या.

मी शिंपणी लावली आणि तात्या निघाले. पहिली काही पावलं पळाले, मग चालायला लागले. आबा डोळे मिटून आडवे झाले. सगळं गप झालं. सनई सुरू झाली. माझा अंगठा फोनवर तयार होता, पण मोटारीचा आवाज येईना. सनई संपत आली. बाकीची वाद्यं येऊन मिळाली. आवाज काही बसला नाही.

आबा उठून बसले. त्यांनी बाजेची कड घट्ट धरली होती आणि ते विहिरीच्या वाटेकडं बघत होते.

"अजून कसं न्हाय?"

"काय, आबा?"

"संभा. अजून पोचला न्हाय." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "हिरीला कठडा न्हाय. घोणस निघती तितं. म्या अण्णाला म्हनलं हुतं मी जातो म्हणून."

विहिरीला कठडा बांधून पुष्कळ वर्षं झाली. मी ते सांगितलं नाही. आबा त्या घडीला विसरत होते की आठवत होते, मला अजूनही सांगता येत नाही. मी फक्त त्यांचा हात धरला, आणि खोटं कशाला बोलू, मीही त्या वाटेकडं बघत तात्या पोहोचू देत म्हणून देवाचा धावा करत होते.

मग विहिरीकडून मोटार घरघरली. मी अंगठा खाली ओढला. सगळा वाद्यवृंद, नको त्या जागी, भलत्याच सुरांवर, गुडघ्यात वाकला. आबांनी छाती भरून श्वास सोडला आणि भिंतीला टेकले.

"पोचला," ते म्हणाले.

मी अंगठा हळूहळू वर नेला. आवाज उठला.

तात्या परत आले तेव्हा त्यांना दम लागला होता आणि पाय चिखलानं भरले होते. "झालं का बराबर?" त्यांनी विचारलं. याही वेळी ती जागा त्यांना ऐकू आली नव्हती.

"लई येळ लावलास," आबा म्हणाले.

"गुडघं गेलं, दादा."

"मला घोर लागला ना."

तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. मग त्यांनी विचारलं, "तवा बी जागाच असायचास तू?"

"तू हिरीवर, आन् मला झोप यील व्हय? आवाज बसला की मंग लागायची."

तात्या पाय न धुताच आबांच्या शेजारी बाजेवर बसले आणि टॉवेलनं तोंड पुसत राहिले, घाम पुसायला लागतो त्यापेक्षा बराच वेळ. आबांनी किल्ल्या उचलल्या आणि करदोट्याला अडकवल्या. पुढच्या महिन्यात तपासण्या व्हायच्याच आहेत, डॉक्टर काय सांगायचं ते सांगतील.

"सोनल, पुन्यांदा लाव गं," तात्या म्हणाले. "ह्या बारीला मी हितंच बसतो."

मी लावली. या वेळी सनई वाजताना आबांनी वाटेकडं पाहिलं नाही. त्यांनी तात्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, आणि मी बरोबर त्या जागी अंगठा खाली घेतला.